आईंच्या मेंदूतलं कॅल्शियम

गेल्या श्रावणातली गोष्ट. सासूबाई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरून पडल्या. वय 74. डोकं भिंतीवर आपटलं, भलंमोठं टेंगूळ आलं. एक उलटीही झाली. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उगाच धोका नको, जिल्ह्याला नेऊन सीटी स्कॅन करून घ्या. नेलं. रिपोर्ट हातात आला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही. रात्री घरी परतलोसुद्धा.

खरं नाटक दुसऱ्या दिवशी सुरू झालं. धाकटे दीर चहा पिता पिता रिपोर्ट वाचत बसले होते. अगदी तळाशी एक ओळ होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली. दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड सायफनमध्ये कॅल्सिफिकेशन. मग त्यांनीच त्याचा अर्थ लावला, "म्हणजे आईच्या मेंदूत कॅल्शियम साचलंय!"

झालं. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीत, आणि रात्रीपर्यंत पुण्याच्या नणंदेकडे पोहोचली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोअरचं पाणी गं हे. बघ ना, आपल्या बंबाला आतून कसा पांढरा थर बसतो." नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, आईचं दूध बंद करा बाई, आणि ती तुमची नाचणीची आंबीलही." आता ती आंबील मी रोज सकाळी मोठ्या कौतुकाने देत होते. हाडांसाठी म्हणून! कॅल्शियमची गोळीही मीच न विसरता हातावर ठेवायचे. कुणी तोंडावर बोललं नाही, पण मला मात्र आपणच सासूच्या डोक्यात चुना भरला असं वाटायला लागलं.

दूध बंद झालं. आंबील बंद झाली. पाण्याचे वीस लिटरचे जार यायला लागले. आणि या सगळ्या गोंधळात जे बंद व्हायला नको होतं तेच बंद झालं. साधारण तीन आठवड्यांनी मी आईंचा डबा आवरत होते, तर बीपीच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी.

"आई, या गोळ्या घेतल्या नाहीत तुम्ही?"

"कशाला घेऊ गं आता? डोक्यातच चुना झालाय. औषध पोचणार कुठून? तुझेही पैसे वाचतील."

त्या दुपारीच डॉक्टरांकडे नेलं. बीपी 190 आणि 100. पडल्याच्या दिवशीसुद्धा इतकं नव्हतं. डॉक्टर आमचे जुने, मितभाषी. पण त्या दिवशी त्यांनी बाहेरचे पेशंट थांबवले, सीटीची फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावली आणि आम्हा दोघींना समोर बसवलं. त्यांनी जे सांगितलं ते, आणि नंतर मुलीने तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून आणून दिलेलं जे वाचलं ते, मला इथे मांडायचंय. कारण असे रिपोर्ट हल्ली घरोघरी आहेत, आणि त्या तळाच्या ओळीने घाबरलेल्या आमच्यासारख्या खूप असणार.

पहिली गोष्ट, 'मेंदूत कॅल्शियम' या शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. मेंदूच्या मधोमध पिनिअल नावाची मटारच्या दाण्याहूनही लहान ग्रंथी असते, तिच्यात वयाबरोबर क्षार जमतातच. मेंदूतलं पाणी जिथे तयार होतं त्या जाळीतही जमतात. ही दोन्ही बहुतेक वेळा निरुपद्रवी. फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा पाण्यातून पोटात गेली, तर मेंदूत त्याच्या गाठी होतात. त्या सुकल्यावर पांढरे ठिपके मागे राहतात आणि त्यांनी फिट येऊ शकते. तो आजारच निराळा. आईंच्या रिपोर्टमध्ये होतं ते यातलं काहीच नव्हतं. त्यांचं कॅल्शियम मेंदूच्या गरात नव्हतंच, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत होतं.

मानेच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की ठोके लागतात, तीच कॅरोटिड धमनी. ती कवटीच्या तळातून आत शिरताना सापासारखी वळणं घेते. त्या वळणदार भागाला सायफन म्हणतात. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं, पण प्राणवायू मात्र तो पाचवा हिस्सा खातो. त्यामुळे तिथे रक्त नेणारी वाहिनी धडधाकट असणं किती गरजेचं ते वेगळं सांगायला नको. सीटीच्या फिल्मवर हाड पांढरंशुभ्र दिसतं, मेंदू राखाडी. आईंच्या फिल्मवर सायफनच्या जागी दोन्हीकडे छोट्या पांढऱ्या कोरी दिसत होत्या, नखाच्या चंद्रकोरीसारख्या.

"या येतात कुठून? दुधातून?" मी विचारूनच टाकलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "वहिनी, दुधातलं कॅल्शियम जाऊन इथे बसत नाही. बोअरच्या पाण्यातलंही नाही."

रक्तातलं कॅल्शियम किती असावं याचा हिशेब शरीर फार काटेकोर ठेवतं. गळ्यातल्या चार बारीक ग्रंथी त्यावर पहारा करतात. कमी पडलं तर हाडातून काढतात, आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर जातं. म्हणजे आपण दूध बंद केलं तर रक्तवाहिनीतला थर कमी होत नाही, हाडं मात्र पोकळ होतात. आणि 74 वर्षांची बाई पुन्हा पडली तर खुबा मोडायचा. मी तीन आठवडे आईंना नेमकं उलटं वागवत होते. (कॅल्शियमच्या गोळ्यांचं थोडं निराळं. त्या जास्त घेतल्या तर हृदयाला त्रास होतो का, यावर डॉक्टरांमध्येच वाद झालेले आहेत. म्हणून गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तरच, आणि सांगितली तेवढीच. शेजारणीने सांगितली म्हणून नाही.)

बंबाची उपमा मलाही आधी पटली होती, कारण ती डोळ्यांना दिसते. पण ती चुकीची आहे. बंबात क्षार पाण्यातून येतो आणि पत्र्यावर आतून बसतो. पत्रा बिचारा काही करत नाही. धमनीची भिंत जिवंत असते. तिला तीन थर असतात. बीपी, साखर, तंबाखू यांच्या माऱ्याने सगळ्यात आतलं मऊ अस्तर दुखावतं. दुखावलेल्या जागी रक्तातलं कोलेस्टेरॉल भिंतीच्या आत झिरपतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात, तेलकट खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. असा पिवळट, पिठूळ लगदा साचत जातो. ग्रीक भाषेत पेजेसारख्या लापशीला जो शब्द आहे त्याला 'कठीण होणे' जोडून या आजाराचं नाव केलं गेलं, ॲथेरोस्क्लेरोसिस. 1904 साली फेलिक्स मार्चंड नावाच्या जर्मन डॉक्टरने ते ठेवलं. घट्ट झालेली पेज! आपल्या स्वयंपाकघरातला शब्द निघाला की मला आजार निम्मा कळल्यासारखा वाटतो.

या पेजेत पुढे कॅल्शियम येतं. कसं, तर भिंतीतल्या स्नायूच्या काही पेशी आपलं काम सोडून हाड बनवणाऱ्या पेशींसारखं वागायला लागतात. जो क्षार आपल्या हाडात असतो तोच तिथे तयार होतो. म्हणजे धमनीत अक्षरशः हाड रुजतं. हे एका वर्षात होत नाही. वीस-तीस वर्षं आत धुमसत असलेल्या आजाराची ती उशिरा उमटलेली खूण असते. पेज सीटीत धड दिसत नाही, तिच्यावर चढलेला हा पांढरा भाग दिसतो. म्हणून डॉक्टर त्याच्याकडे बोट दाखवतात. चोर दिसला नाही तरी चिखलातली पावलं दिसतात, तसं.

पण इथे एक मेख आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. सगळंच कॅल्शियम या पेजेचं नसतं. नेदरलँड्समध्ये मृत्यूनंतर या सायफनचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दिसलं की कॅल्शियमचा बराच मोठा भाग आतल्या अस्तरात नसून त्याच्या बाहेरच्या लवचीक पडद्यात असतो. त्या प्रकारात वाट फारशी अरुंद होत नाही. धमनी ताठर होते, जुन्या रबरी नळीसारखी. वय आणि मधुमेह यांच्याशी त्याचं जास्त सख्य. म्हणून काही निरुपद्रवी म्हणायचं का? तसंही नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका लवचीक धमनी झेलून मवाळ करते. धमनी ताठ झाली की तो धक्का थेट मेंदूतल्या केसाएवढ्या नाजूक वाहिन्यांवर आदळतो.

हे वाचताना मला एकदम लेनिन आठवला. हसू नका. इतिहास घेऊन बी.ए. केलं तेव्हा रशियन क्रांती आम्हाला पेपरला होती. लेनिन 1924 च्या जानेवारीत गेला, वय फक्त 53. आम्ही तारीख पाठ केली आणि पुढे गेलो. तो कशाने गेला हे प्राध्यापकांनीही सांगितलं नव्हतं. 1922 च्या मे महिन्यात त्याला पहिला झटका आला, डिसेंबरमध्ये दुसरा, आणि 1923 च्या मार्चमधल्या झटक्याने त्याची वाचाच गेली. लाखोंच्या सभा गाजवलेला माणूस शेवटचे दहा महिने मोजक्या शब्दांवर आला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या धमन्या इतक्या कठीण निघाल्या की चिमट्याने टकटक केल्यावर दगडासारखा आवाज आला, अशी नोंद आहे. डावी कॅरोटिड तर पूर्ण बुजलेली. तो सिगारेट ओढत नव्हता. त्याचे वडीलही जवळजवळ याच वयात मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले होते, त्यामुळे काही डॉक्टरांना यामागे आनुवंशिक दोषाची शंका वाटते. आपल्या घरी आई, वडील, काका, मामा यांपैकी कुणाला पन्नाशीत 'वारं गेलं' असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची ती याचसाठी.

आणि याच्या बरोबर उलट गोष्ट थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरची. 1664 साली मेंदूवर त्याचं पुस्तक आलं. त्यात त्याने एका माणसाचं वर्णन केलंय. तो दुसऱ्याच आजाराने वारला, पण कवटी उघडली तर उजवी कॅरोटिड हाडासारखी, दगडासारखी होऊन जवळपास बंद झालेली. आणि या माणसाला आयुष्यात कधी लकवा झाला नव्हता! विलिसने कारण शोधलं. मेंदूच्या तळाशी चारही बाजूंच्या धमन्या एका गोलात जोडलेल्या असतात. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त वळवून घेता येतं. या गोलाला आजही त्याचंच नाव आहे. मी हे आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे देवाने चार नळ एका हौदाला जोडलेत." अगदी तेच. फक्त हा गोल प्रत्येकाचा पूर्ण जुळलेला नसतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

मग आईंच्या रिपोर्टमधली ओळ वाईट की साधी? यावर नेदरलँड्समधल्याच रॉटरडॅम शहरातला मोठा अभ्यास बोलका आहे. तिथल्या एका वस्तीतल्या हजारो रहिवाशांवर 1990 पासून डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. त्यांपैकी सुमारे अडीच हजार जणांचे स्कॅन केले, सरासरी वय सत्तरीच्या आसपास. दर शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांच्या कवटीतल्या कॅरोटिडमध्ये कॅल्शियम सापडलं. म्हणजे त्या वयात ते नसणं हेच नवल. पण ज्यांच्यात ते जास्त होतं, त्यांना पुढे पक्षाघाताचा धोकाही जास्त निघाला आणि विसराळूपणाचाही. 2012 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. पुरुषांमध्ये अति दारू आणि धूम्रपान यांचा संबंध ठळक होता. बायकांमध्ये मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा. ती माणसं युरोपातली गोरी, हे खरं. पण आपली बाजू आणखी लंगडी आहे. कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होऊन पक्षाघात होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा आशियातल्या लोकांत जास्त, आणि त्यात आपणही आलो.

आता मैत्रिणींनो, बायकांचं बीपी मोजतं कोण? घरातल्या पुरुषाला चक्कर आली तर त्याच संध्याकाळी दवाखाना. बाईला आली तर 'उपास असेल', 'पित्त असेल'. आमच्या बचतगटात आम्ही आता दर सोमवारी बीपी मोजतो. मशीन गटाच्या पैशांतून घेतलं. पहिल्याच सोमवारी बाजारात भाजी विकणारी एक जण बसली, चाळिशीतली, तब्येतीने ठणठणीत. काटा दोनशेला. तिला वाटलं मशीन बिघडलंय. मलाही वाटलं! पाच मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवून पुन्हा मोजलं. तेवढंच. आज ती गोळी घेते, पण कबूल करून घ्यायला मला तिच्या घरी चार खेपा घालाव्या लागल्या. 'एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते' हीच तिची तक्रार. मी म्हटलं, मीठही जन्मभर खाल्लंस ना?

मिठावरून आठवलं. दिवसाला माणशी एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या पानात लोणचं, पापड, ठेचा, वर ताकात चिमूटभर. मी स्वतः उन्हाळ्यात पापड-कुरडयांची वाळवणं घालणारी, त्यामुळे उपदेश करायला जीभ अडखळते. पण आईंच्या ताटातला पापड आता रविवारपुरता आहे.

आणि मिश्री. आमच्या भागातल्या किती तरी बायका सकाळी मिश्री लावल्याशिवाय चूल पेटवत नाहीत. त्यांना विचारलं, तंबाखू खाता का, तर चटकन 'नाही हो' म्हणतात, कारण मिश्री म्हणजे त्यांच्या लेखी दातवण. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं, आणि आतल्या नाजूक अस्तराला तंबाखू दातांना चोळलेली की ओढलेली हे कळत नाही. दवाखान्यात हा प्रश्न 'तंबाखू' म्हणून न विचारता 'मिश्री' म्हणून विचारावा, असं मी डॉक्टरांनाही सुचवून पाहिलंय. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

रिपोर्ट घेऊन पळापळ करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. हा थर कुठल्याही काढ्याने विरघळत नाही. 'रक्तवाहिन्या साफ करून देतो' म्हणणारे सलाइनवाले आणि बाटलीवाले आमच्याही गावात येऊन गेले, नणंदबाईंनी एक बाटली मागवलीही होती. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यासुद्धा कॅल्शियम पुसून टाकत नाहीत. त्या आतली मऊ पेज आवळून धरतात, ती फुटून गुठळी होऊ नये म्हणून. फुटायचा धोका मऊ भागाला जास्त असतो, पूर्ण दगड झालेल्याला कमी. त्यामुळे 'कॅल्शियम कमी झालं का बघू' म्हणून दर वर्षी सीटी करण्यात अर्थ नाही, किरणांचा मारा तेवढा वाढतो. धडधाकट माणसाने केवळ हे शोधायला सीटी करू नये. आणि ॲस्पिरिन मनाने सुरू करू नये. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे पोटापासून बीपीपर्यंत सगळं बघून ठरतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र रिपोर्टमधली ही ओळ डॉक्टरांना मुद्दाम दाखवावी. त्या दोन्हींत हा थर लवकर आणि जास्त चढतो.

एक भीती खरी आहे आणि ती ठेवावीच. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं, तर मीठ-साखर-लिंबू, मालिश, अंगारा यांत वेळ घालवायचा नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी व्हायला हवा. आमच्या गावाहून जिल्हा सव्वा तास. म्हणजे हिशेब लगेच सुरू होतो. 108 ला फोन करायचा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळात बघून ठेवायचं. दहा मिनिटं हात बधिर झाला आणि आपोआप बरा झाला, तरी त्याच दिवशी दाखवायचं. 'गेलं वाटतं' म्हणून स्वयंपाकाला लागायचं नाही. आपण तेच करतो.

आईंचं म्हणाल तर बीपी खाली यायला दीड महिना लागला. औषधात एक गोळी वाढली. साखर तपासली तर तीही सीमेवर निघाली, म्हणजे ते पडणं एका परीने बरंच झालं म्हणायचं. पाण्याचे जार बंद केले. न्हाणीघरात दोन बाजूंनी पकडायला दांडे बसवलेत, उंबरा काढून टाकलाय. संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाऊन येतात.

परवा नणंदबाई आल्या होत्या. आई ओट्याशी उभ्या राहून वाटीतली आंबील पीत होत्या. नणंदबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका. आईंनी वाटी खाली ठेवली आणि तोंड पुसत म्हणाल्या, "अगं, ते हाडातलं वेगळं आणि धमनीतलं वेगळं. बस, तुला नीट सांगते."